टक्के कमी पडले म्हणून पेन्शन नाकारली

प्रश्न : आम्ही कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले. धाकट्या भावाला सर्टिफिकेटवर ३५ टक्के अपंगत्व दिलंय, त्यामुळे पेन्शनची अर्जी रिजेक्ट झाली. आई त्याचं सगळं करते, आंघोळीपासून. आता काय करायचं?

उत्तर : भाऊ, आधी हे बघा, भांडण पेन्शनशी नाही, टक्क्यांशी आहे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ४० टक्क्यांची रेघ आहे, ५ टक्क्यांसाठी अडकलाय तुम्ही. त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये सर्टिफिकेटविरुद्ध अपील करता येतं, नाडकचेरीत (महसूल खात्याच्या गावाकडच्या ऑफिसात) पुन्हा पुन्हा हेलपाटे मारून टक्के काय वाढत नाहीत. अपिलाला जुने रिपोर्ट, एक्सरे सगळं जोडा, आणि रोजचं लिहा की, किती पायऱ्या चढतो, शर्टाची बटणं कोण लावतं, कारण तपासणी पाच मिनिटांची आणि त्रास दिवसभराचा असतो. नकार लेखीच मागा, तोंडी ऐकून घरी येऊ नका, पोच पण घ्या. कन्नड येत नाही म्हणून थांबू नका, घटनेच्या कलम ३५० नुसार राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार देता येते, म्हणजे मराठीत पण चालते, तरी सोबत कन्नड प्रत दिली तर काम लवकर हलतं (हे माझं मत). आईसाठी अपंगांच्या त्याच कायद्याचं कलम ३८ बघून ठेवा, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी आहे ते, पण ४० टक्के झाल्यावरच.