हाताच्या ऑपरेशननंतर घरात वावरताना : वाचकांचे प्रश्न

हाताच्या ऑपरेशननंतरच्या दिवसांबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. उत्तरं हातांची ऑपरेशनं करणारे सर्जन आणि हँड थेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. आत काय शिवलंय आणि ते किती पक्कं बसलंय, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

प्रश्न : अंगणात घसरून उजवं मनगट मोडलं. प्लेट बसवून तीन आठवडे झाले. एक्स-रे चांगला आहे म्हणतात, पण बोटं सुजलेली आहेत, मूठ वळत नाही आणि आता खांदाही धरलाय. घरचे म्हणतात, हाताला पूर्ण विश्रांती द्या. हलवलं तर प्लेट सरकेल का? – गृहिणी, वय ५८, कराड

उत्तर : रिकामी बोटं हलवल्याने प्लेट सरकत नाही. ती स्क्रूंनी हाडात घट्ट धरलेली असते आणि नुसती मूठ वळण्याचा ताण सहज पेलते. हाडाला धोका असतो तो वजन उचलण्याचा आणि हातावर भार देण्याचा. भरलेली बादली, कुकर, जमिनीवरून उठताना टेकलेला तळहात, पिळायचे कपडे हे सगळं निदान सहा आठवडे बंद. पुढेही एक्स-रे पाहून डॉक्टर ‘हो’ म्हणतील तेव्हाच. तोवर अर्धा कप चहा, चमचा, कंगवा, पुस्तकाचं पान एवढंच त्या हाताचं काम.

मनगटाच्या ऑपरेशननंतर लोक सर्वांत जास्त गमावतात ते न मोडलेल्या भागांत, म्हणजे बोटांत आणि खांद्यात. सूज म्हणजे सांध्यांभोवती साठलेलं पाणी. हात लोंबता राहिला, बोटं हलली नाहीत, तर ते पाणी तिथेच राहतं, घट्ट होतं आणि सांध्याला जखडतं. तुमच्या मुठीचं तेच झालंय. तीन आठवड्यांत ते अजून सुटण्यासारखं असतं, तीन महिन्यांनी फार कष्टाचं होतं. म्हणून आजच सुरू करा.

कोपर टेबलावर टेका, पंजा छताकडे. आता बोटांच्या पाच स्थिती, प्रत्येक पाच सेकंद धरायची. बोटं सरळ. मग फक्त वरचे दोन सांधे मुडपून आकड्यासारखी. मग पूर्ण मूठ. मग बोटं सरळ ठेवून फक्त मुळाशी काटकोनात वाकवलेली. शेवटी बोटांची टोकं तळहाताच्या बुडाला टेकवायची, पण टोकाचे सांधे सरळ ठेवून. असं दहा वेळा, जागेपणी दर तासाला. मूठ पूर्ण होत नसेल तर डाव्या हाताने हळूच दाबून पुरी करा आणि दहा सेकंद धरा. ओढ जाणवली पाहिजे, कळ नको. वेदनाशामक गोळी चालू असेल तर ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. रोज रात्री मधल्या बोटाचं टोक आणि तळहात यांमध्ये किती अंतर राहतं ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. आठवडाभरात अंतर अजिबात कमी झालं नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेरपिस्टला दाखवा.

शेजारपाजारचे स्पंजचा बॉल आणून देतात. इतक्यात तो नको. बॉल हातात असला की मूठ अर्धीच मिटते आणि तुम्हाला हवी आहे ती पुरी मिटलेली मूठ. ताकदीचे व्यायाम नंतर.

गळ्यातली झोळी गर्दीत बाहेर पडताना ठीक आहे, घरात काढून ठेवा. दिवसभर झोळीत राहिल्यानेच खांदा धरला आहे. दोन्ही हातांची बोटं गुंफता येत असतील तर गुंफून, नाहीतर चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचं कोपर धरून, हात डोक्यावर न्या. दहा वेळा, दिवसातून चारदा. झोपताना हात शेजारच्या दोन उशांवर, पंजा कोपरापेक्षा उंच.

आणखी एक हालचाल सगळे विसरतात. तीर्थ घेताना तळहात जसा उताणा होतो, तशी. कोपर कमरेला चिकटवून ठेवा, नाहीतर खांदा फिरतो आणि तळहात वळल्याचा भास होतो. मग तळहात उताणा-पालथा करा. प्लेटनंतर हे आणि मनगट वर-खाली करणं साधारण दोन आठवड्यांनी सुरू करतात. तुम्हाला परवानगी आहे का ते विचारून घ्या. हात उताणा झाला नाही तर सुट्टे पैसे घेणं, तोंड धुणं, घास तोंडाशी नेणं सगळंच अडतं.

एक खूण लक्षात ठेवा. तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलून बघा. आजवर उचलत होता आणि एके दिवशी अचानक उचलेनासा झाला, तर अंगठ्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटलेला असू शकतो. दुखत नसलं तरी लगेच दाखवा.

प्रश्न : विळीवर नारळ खोवताना पत्नीच्या करंगळीशेजारच्या बोटाचा टेंडन आणि नस (संवेदना नेणारा मज्जातंतू) कापली गेली. दोन्ही शिवून दोन आठवडे झाले. हाताच्या मागच्या बाजूने प्लॅस्टिकचा स्प्लिंट (हात एका स्थितीत धरणारा आधार) आहे, मनगट आणि बोटं पुढे वाकवलेली. तिला तो उकाड्यात सहन होत नाही, खाज येते, रात्री काढून ठेवते. रात्री तर हात कामात नसतो. चालेल ना? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. रात्री तर मुळीच नाही. झोपेत आपण नकळत मूठ आवळतो, कूस बदलताना बोट मागे ताणलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टेंडनची स्वतःची ताकद जवळपास नसते, सगळा भार टाक्यांच्या दोऱ्यावर असतो. शिवलेले टेंडन जड कामापेक्षा अशा बेसावध क्षणीच जास्त तुटतात. झोपेत, किंवा हातातून निसटलेलं भांडं झेलायला हात झटकन पुढे जातो तेव्हा. स्प्लिंट सहसा सहा आठवडे, दिवसरात्र. त्यानंतर हलकी कामं हळूहळू, आणि भरलेला हंडा, पिळणं, कणीक मळणं बारा आठवड्यांनंतर.

तरी बोट निपचित ठेवायचं नाही. पूर्ण थांबवलं तर टेंडन आजूबाजूच्या भागाला चिकटतो आणि जुळूनही बोट वाकत नाही. सहसा सांगतात ते असं : स्प्लिंट न काढता, चांगल्या हाताने बोट तळहाताकडे पूर्ण वाकवायचं आणि मग स्वतःच्या ताकदीने स्प्लिंटच्या छपरापर्यंत सरळ करायचं. दर तासाला दहा वेळा. काही ठिकाणी पहिल्या आठवड्यापासूनच बोट स्वतःहून थोडं वाकवायला सांगतात. ते किती टाके आणि कसे घातलेत यावर ठरतं, म्हणून शेजारणीला सांगितलेला व्यायाम हिच्यासाठी नाही.

खाज येते ती घामाने. थेरपिस्टला स्प्लिंटखाली घालायचा सुती जाळीदार मोजा मागा, दोन असू द्या, रोज बदला. बदलताना काय करायचं ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवायला लावा. साधारण रीत अशी : हात टेबलावर, मनगट वाकलेलंच, बोटं सैल आणि वाकलेली, पट्टे दुसऱ्याने सोडायचे. सुई, पेन्सिल आत घालू नका. पावडरही नको, घामात तिचे गोळे होऊन कातडी सोलते. स्प्लिंट गार पाण्याने आणि साबणाने पुसा. हे प्लॅस्टिक साधारण साठ-सत्तर अंशांना मऊ पडतं. गरम पाणी, गॅसची शेगडी, उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड यांपासून दूर ठेवा. आकार थोडासा बदलला तरी बोट चुकीच्या कोनात राहतं.

आज वाकणारं बोट उद्या अचानक वाकेनासं झालं, ‘टक्’ असं काही जाणवलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी सर्जनकडे. काही दिवसांत पोचलात तर टेंडन पुन्हा शिवता येण्याची शक्यता बरी असते. नंतर तो आखडून आत ओढला जातो.

नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. बोटाच्या टोकाला संवेदना यायला महिने लागणार. तोवर त्या बोटाला तव्याची धग कळणार नाही, आणि बायका भाजून घेतात ते इथेच. पाणी, भांडं, इस्त्री सगळं आधी चांगल्या हाताने तपासायचं.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, एकटे राहतात. डाव्या हाताच्या दोन हाडांत तारा घातल्या आहेत, कोपरापर्यंत प्लास्टर आहे. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, पण शौचाला गेल्यावर काय करायचं? ते उजव्या हाताने धुवायला तयार नाहीत, कारण त्याच हाताने जेवतात. – मुलगा, पुणे

उत्तर : हा संकोच बहुतेक घरांत असतो. त्यातून माणसं जेवण-पाणी कमी करतात, आणि मग बद्धकोष्ठ होतं. वेदनेच्या काही गोळ्यांनी ते वाढतं. म्हणून हे बोलायलाच हवं.

जेट स्प्रे उजव्या बाजूला बसवून घ्या. प्लंबरचं थोड्या वेळाचं काम आहे. धार बऱ्यापैकी असली की हात लावावा लागत नाही, पुसायला टिश्यू. स्प्रे बसत नसेल तर लांब तोटीची झारी. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची भाड्याने मिळते. उकिडवं बसून उठताना माणूस प्लास्टरच्या हातावरच भार देतो.

आता एका हाताने तोच हात धुणं. इथे खरी अडचण आहे, हात चोळायला दुसरा हातच नाही. रबरी सक्शन कपाने चिकटणारा नखांचा ब्रश बेसिनच्या काठाला लावा, त्यावर पंपाचा लिक्विड साबण टाका आणि तळहात, बोटांच्या फटी, नखं त्यावर घासा. ब्रश नसेल तर जाड रुमाल नळाला घट्ट बांधून त्यावर. निदान वीस सेकंद. सॅनिटायझर याला पर्याय नाही. एवढं केलं की उजवा हात स्वच्छ आहे. मनाला तरीही पटत नसेल तर हे आठवडे चमच्याने जेवावं, त्यांना बरं वाटेल तसं. ताट सरकू नये म्हणून खाली ओला नॅपकिन. भाकरी-पोळी आधीच तुकडे करून किंवा भाजीत कुस्करून.

पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घाला. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. आंघोळीला पिठाची पाच किलोची जाड पिशवी धुऊन घ्या, फुंकून भोक तपासा, हातावर चढवा. तोंड दंडावर चिकटपट्टीने बंद करा, रबरबँडने नको, तो रक्त अडवतो. हात वर धरून बसून आंघोळ, म्हणजे पाणी पिशवीच्या तोंडापासून खाली ओघळतं. तारांची टोकं कातडीबाहेर असतील तर तिथे थेंबही नको. तिथून जंतू थेट हाडाशी जातात. तारा साधारण तीन ते सहा आठवड्यांत काढतात.

मनगटावरचा गंडा, अंगठी, कडं असेल तर आजच कापून काढा. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, हात वर ठेवूनही प्लास्टर आवळतंय असं वाटलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

प्रश्न : मनगटाची दबलेली नस मोकळी करायचं ऑपरेशन झालं. स्कूटर कधी चालवू? आणि टाक्याची जागा कडक झालीय, हळद-तेल लावू का? – शिक्षिका, नाशिक

उत्तर : टाके दहा ते चौदा दिवसांनी निघाल्यावर, स्कूटर बंद असताना ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून बघा, लागोपाठ दहा वेळा. दचकून हात सुटला तर अजून नाही. बहुतेकांना तीन-चार आठवडे लागतात. तळहाताच्या बुडाशी दोन्ही कडांना दाबल्यावर दुखणं तीन महिने, क्वचित जास्तही राहतं. ते बिघडल्याचं लक्षण नाही. खडू-फळ्याचं काम लवकर जमेल, वह्यांचा गठ्ठा उशिरा.

हळद नको. जखमेत तिचे कण अडकतात आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसत नाही, म्हणजे जंतुसंसर्ग उशिरा कळतो. जखम पूर्ण कोरडी झाली, खपली उरली नाही, की साधं खोबरेल किंवा व्हॅसलिन. अंगठ्याने कातडी पांढरी पडेल इतका दाब द्या. गोल, उभा, आडवा, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बोट नुसतं तेलावरून घसरता कामा नये, खालची कातडी हलली पाहिजे. स्पर्शच सहन होत नसेल तर आधी कापूस, मग मलमल, मग टॉवेल, मग तांदळाच्या परातीत हात फिरवणं.

हाताची आग होतेय, कातडी चकचकीत दिसते, घाम आणि रंग बदलतोय, वारा लागला तरी कळ येते, असं असेल तर मालिश थांबवा आणि लगेच दाखवा. अशा त्रासाचा उपचार जितका लवकर तितका चांगला.

प्रश्न : कडबा कुट्टीत, म्हणजे चारा कापायच्या मशीनमध्ये, दोन बोटांची टोकं गेली. टाके निघालेत. धार कधी काढू शकेन? गेलेलं टोक अजून दुखतंय असं वाटतं. थोडी तंबाखू चालते का? – शेतकरी, सांगोला

उत्तर : तंबाखू नाही. विडी, गुटखा, मिश्रीही नाही. निकोटिनने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्तच मिळत नाही. शुगर असेल तर तीही तपासा.

नसलेल्या टोकाला खाज, कळ जाणवणं खरं असतं, भ्रम नव्हे. नसेचा कापलेला शेंडा तसे निरोप पाठवत राहतो. उरलेल्या बोटाचं टोक दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं टेबलावर हळूच ठोका, आधी कपड्याची घडी ठेवून, मग थेट. यानेच ते टोक कामाला तयार होतं. पुढचे एक-दोन हिवाळे थंडीत ठणकेल, पहाटे गोठ्यात लोकरी हातमोजा घाला.

धार काढणं ही पूर्ण मुठीची, शेकडो वेळा होणारी पकड आहे. जखम पूर्ण बंद झाल्याशिवाय शेण-गोमूत्रात हात घालायचा नाही. हाडही कापलं गेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात. आधी ओला पंचा पिळून बघा. जमला तर एका शांत जनावराचं एकच सड, दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी सूज वाढली नाही तर वाढवत न्या. बोटं आखूड झाल्याने पकड अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांवर येईल, म्हणून त्या बोटांचे व्यायाम आतापासून करा. आणि कुट्टी पुन्हा सुरू करण्याआधी चारा सरकवायच्या तोंडाशी लांब पन्हाळ आणि हाताशी बंद करायचा खटका बसवून घ्या. मशीन चालू असताना अडकलेला चारा हाताने ओढायचा नाही, आधी वीज बंद.