वॉरंटी संपलेला व्हेंटिलेटर बाहेरच्या इंजिनिअरकडून दुरुस्त करून घ्यावा का?

प्रश्न: तालुक्याच्या गावी आमचं १५ खाटांचं हॉस्पिटल आहे. आयात केलेल्या व्हेंटिलेटरची वॉरंटी संपली असून ऑक्सिजन सेन्सर आणि बॅटरी बदलायची आहे. कंपनी म्हणते, आधी वार्षिक देखभाल करार करा, मगच सुटे भाग देऊ. सर्व्हिस मेनूचा (मशीनमधल्या दुरुस्तीच्या सेटिंग्जचा) पासवर्डही देत नाही. बाहेरच्या माणसाने मशीन उघडलं तर ते बेकायदा ठरेल, असंही लेखी कळवलं आहे. काय करावं?

उत्तर: डॉक्टर, ते बेकायदा नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे आयात, उत्पादन, विक्री आणि वितरणासाठी आहेत. स्वतःच्या आयसीयूतलं मशीन दुरुस्त करून तिथेच वापरणं म्हणजे उत्पादन नव्हे, कारण त्यामागे विक्रीचा हेतू नसतो. एक्स-रे मशीन असतं तर मात्र एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मान्यता असलेल्या सर्व्हिस एजन्सीकडेच जावं लागलं असतं.

पण कंपनीला सुटे भाग द्यायला थेट भाग पाडणारा कायदाही आपल्याकडे नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चारच क्षेत्रं घेतली. वैद्यकीय उपकरणं वगळणं मला चुकीचं वाटतं. फ्रिज बंद पडला तर दूध नासतं, इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

सुटे भाग अडवून करार गळ्यात मारणं हा स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(४) आणि ४ खाली तक्रारीचा विषय होऊ शकतो. सुटे भाग खुल्या बाजारात न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला होता. हा मार्ग लांबचा आहे, एकट्याने जाऊ नका; डॉक्टरांच्या संघटनेमार्फत जा. ग्राहक आयोगात 'व्यावसायिक हेतूने खरेदी' हा आक्षेप येईल, कारण अशा खरेदीदाराला कायदा ग्राहक मानत नाही, आणि १५ खाटांच्या हॉस्पिटलला तो खोडणं कठीण आहे.

आधी खरेदीची ऑर्डर काढून सुटे भाग किती वर्षं पुरवायचे याचं कलम आहे का, ते पाहा. मग कंपनीला मॉडेल, सिरियल क्रमांक आणि पार्ट नंबर देऊन १५ दिवसांत किंमत किंवा नकाराचं कारण लेखी मागा. नकार आला तर तोच तुमचा पुरावा.

पासवर्ड फोडण्याआधी युजर मॅन्युअल वाचा. अनेक व्हेंटिलेटरमध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक करून घेणं) साध्या मेनूतूनच होतं. मशीनचे मालक तुम्हीच असल्याने तुमच्या परवानगीने केलेल्या कामाला आयटी कायद्याचं कलम ४३ आड येत नाही, पण कंपनीचं सर्व्हिस सॉफ्टवेअर चोरून वापरलंत तर कॉपीराइटचा भंग होईल.

खरा धोका दुरुस्तीनंतरचा आहे. रुग्णाला इजा झाली तर पहिलं उत्तर हॉस्पिटललाच द्यावं लागतं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८५ खाली सदोष सेवेबद्दल इंजिनिअरही अडकतो. मात्र उत्पादनात फेरफार झाला होता असं दिसलं की कलम ८७ खाली विक्रेता सुटतो, आणि आयातदार हाही विक्रेताच. म्हणून त्याच स्पेसिफिकेशनचा भाग लावा. कनेक्टर कापून दुसरा सेन्सर किंवा वेगळ्या प्रकारची बॅटरी अजिबात नको. गॅल्व्हॅनिक (रासायनिक क्रियेवर चालणारा) ऑक्सिजन सेन्सर शेल्फवर पडूनही झिजतो, तेव्हा उत्पादनाची तारीख तपासा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरला मिळणारी दोन वर्षांची मर्यादा इंजिनिअरला मिळत नाही. हे त्यांनाही सांगा.

काम झाल्यावर आयईसी ६२३५३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे विद्युत सुरक्षा चाचणी करून घ्या. मग कॅलिब्रेशन प्रमाणपत्र चालू असलेल्या गॅस फ्लो अॅनालायझरवर (हवेचा प्रवाह आणि दाब मोजणाऱ्या यंत्रावर) टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात जाणारी हवा), दाब, पीप (श्वास सोडल्यावर फुफ्फुसात राखलेला दाब), ऑक्सिजनचं प्रमाण आणि प्रत्येक अलार्म तपासा. वीज काढून टेस्ट लंगवर (चाचणीसाठीच्या कृत्रिम फुफ्फुसावर), बॅटरी संपत आल्याचा अलार्म वाजेपर्यंत मशीन चालवा. आकडे, तारीख आणि सही लॉगबुकात घ्या, जुने भाग जपून ठेवा. एकही चाचणी राहिली किंवा नापास झाली तर मशीन रुग्णाला लावू नका. तुमच्या इन्डेम्निटी पॉलिसीत (नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठीच्या विम्यात) बाहेरच्या दुरुस्तीमुळे झालेली इजा धरली जाते का, हे विमा कंपनीकडून काम सुरू होण्यापूर्वीच लेखी घ्या.