वाढीच्या गाठी

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वाढ नसलेल्या, म्हणजे एकूण उत्पादन दरवर्षी वाढत न जाणाऱ्या अर्थव्यवस्थेवर अभ्यास करायचं ठरवलंस आणि पहिल्याच चर्चेत कुणीतरी विचारलं, "म्हणजे गरिबांनी गरीबच राहायचं का?" उत्तर सुचलं नाही आणि रात्री झोप लागली नाही, असं लिहिलंस. झोप उडाली हे मला बरं वाटलं. हा प्रश्न ज्याला टोचत नाही त्याने या विषयाच्या वाटेला जाऊ नये.

माझं उत्तर सरळ आहे. ज्यांना पोटभर अन्न, स्वच्छ पाणी, औषध आणि वीज मिळत नाही, त्यांचा वापर वाढलाच पाहिजे. त्यासाठी पृथ्वीवर जागा उरायची, तर ज्यांचं भागून उरतं त्यांना कुठेतरी थांबावं लागेल. 'वाढ हवी की नको' असा सरसकट वाद घालणारे या दोघांना एकाच मापाने मोजतात. तू तसं करू नकोस.

थांबायचं कशाला, हे कुणी विचारलं तर आधी गणित करायला लाव. दरवर्षी ३ टक्के वाढ म्हणजे सुमारे २४ वर्षांत दुप्पट आणि शंभर वर्षांत एकोणीस पट. १९७० साली जगभर खनिजं, इंधन, लाकूड, पिकं, वाळू असं सगळं मिळून सुमारे ३,००० कोटी टन काढलं जात होतं. आज ते ९,००० कोटी टनांच्या वर गेलं आहे. लोकसंख्या या काळात दुपटीहून थोडी अधिक झाली, ओरबाडणं तिपटीहून अधिक. यंत्रं अधिक कार्यक्षम झाली की भागेल, असं तुला सांगितलं जाईल. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ सालीच दाखवलं होतं की कमी कोळशात चालणारी वाफेची इंजिनं आली तेव्हा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. मात्र समोरच्याचं खरं असेल तिथे ते मान्य कर: काही श्रीमंत देशांत उत्पन्न वाढत असताना कार्बन उत्सर्जन खरोखर कमी झालं आहे, आयात मालाचा हिशेब धरूनही. त्याचा वेग पुरेसा नाही, एवढंच माझं म्हणणं. ते मान्य केल्याने तुझी बाजू लंगडी पडत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. वाढ स्वतःसाठी हवी असलेला माणूस मला आजवर भेटला नाही. लोकांना काम हवं असतं, म्हातारपणी आधार हवा असतो, कर्ज फिटायला हवं असतं. या सगळ्यांचे दोर आपण वाढीच्या खुंटीला बांधले आहेत. खुंटी हलली की माणसं कोसळतात. २००९ साली जगाचं उत्पादन घटलं, २०२० साली पुन्हा घटलं. दोन्ही वेळा उत्सर्जन थोडं उतरलं आणि लगेच परत चढलं, पण मधल्या काळात कोट्यवधी लोकांची रोजीरोटी गेली. ती मंदी होती. तुला जिचा अभ्यास करायचा आहे ती अर्थव्यवस्था मंदीत सापडलेली नाही, वेगळ्या बांधणीची आहे. गाठी न सोडता खुंटी उपटायला सांगणाऱ्यांपासून दूर राहा, ते कितीही तळमळीचे असोत.

पहिली गाठ कामाची. शंभर माणसं मिळून जेवढं उत्पादन करतात, तेवढंच उत्पादन, उत्पादकता (म्हणजे एका माणसाचं ताशी उत्पादन) दरवर्षी २ टक्क्यांनी वाढली तर, पस्तीस वर्षांनी पन्नास माणसं करतील. उरलेल्या पन्नासांचं काय? आजवरचं उत्तर ठरलेलं आहे: उत्पादन दुप्पट करा, म्हणजे सगळ्यांना काम मिळेल. दुसरं उत्तर असं, की शंभरांनीही अर्धा वेळ काम करावं. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३० साली लिहिलं होतं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. उत्पादकतेचा त्याचा अंदाज फारसा चुकला नाही, तासांचा मात्र साफ चुकला, कारण तास आपोआप कमी होत नाहीत, ते ठरवून कमी करावे लागतात. आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांचे कामाचे तास पगार न कापता चाळीसवरून पस्तीस-छत्तीसवर आणले. काम अडलं नाही. हा प्रयोग छोटा आहे, त्यावर फार मोठा इमला उभारू नकोस, पण तो नीट वाच. शिवाय काही कामांना वेळच लागतो. आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मुलाला वाचायला शिकवणं, म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणं. ही कामं झटपट उरकली की बिघडतात. त्यांना हात पुष्कळ लागतात आणि खाणीतलं फारसं काही लागत नाही. मोकळ्या झालेल्या हातांना इथे मानाने आणि चांगल्या पगारावर जागा कशी द्यायची, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

दुसरी गाठ कर्जाची आणि मालमत्तेची. व्याज आलं की वाढ हवीच, असं ठासून सांगणारे भेटतील. ते पूर्ण खरं नाही. मिळालेलं व्याज पुन्हा खर्च होऊन फिरत राहिलं तर स्थिर उत्पादनातही ते फिटतं. अडचण होते ते साठत गेल्यावर. उत्पादन स्थिर आणि मालमत्तेवरचं उत्पन्न चालूच, म्हणजे दरवर्षी मोठा वाटा मालमत्ताधारकांकडे सरकणार. वाढत्या उत्पन्नात वाटणीचं भांडण पुढे ढकलता येतं. स्थिर उत्पन्नात ते आजच मिटवावं लागतं, कराने आणि कायद्याने.

आणि माणसाचं भलं? राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवणाऱ्या कुझनेट्सनेच १९३४ साली बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधू नये. कोस्टा रिकाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या सुमारे एक पंचमांश, तरी तिथलं सरासरी आयुर्मान अमेरिकेपेक्षा जास्त आहे. जपानची वाढ १९९० नंतर जवळपास थिजली, आयुर्मान मात्र तेव्हाच्या ७९ वर्षांवरून सुमारे ८४ वर गेलं. पण त्याच जपानमध्ये सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीपलीकडे गेलं आणि कितीतरी तरुणांच्या वाट्याला कायम नोकरी आलीच नाही. उदाहरण देशील तेव्हा दोन्ही बाजू सांग. वाढ थांबली तरी माणसं दीर्घ जगू शकतात, आणि गाठी तशाच राहिल्या की त्या गळ्याशी येतात.

पेन्शनबद्दल मी मुद्दाम लिहिलं नाही, ते तू कर. शंभर माणसं धर, त्यातली तीस वृद्ध. उत्पादन स्थिर, कामाचे तास दरवर्षी थोडे कमी. बचत म्हणजे साठवून ठेवलेल्या वस्तू नसतात, पुढच्या उत्पादनावरचा तो हक्क असतो, हे लक्षात ठेवून चाळीस वर्षांचा तक्ता मांड. मालमत्तेच्या उत्पन्नाचं काय करायचं, तिथे बहुधा अडशील. अडलं की तसाच अर्धा तक्ता मला पाठव, मीही माझा करून ठेवते.

तुझी,
बाई