पापण्यांच्या लिफ्टसाठी पॅड कोणते घ्यावे?

प्रश्न : मी घरीच छोटे पार्लर चालवते. लॅश लिफ्टनंतर (म्हणजे पापण्यांचे केस लोशनने वरच्या बाजूला वळवल्यावर) काही जणींच्या पापण्यांची टोके आकड्यासारखी वळतात. साधने बदलावीत का?

उत्तर : दोष बहुधा सिलिकॉन पॅडच्या, म्हणजे ज्या वक्र पट्टीवर पापण्यांचे केस बसवून वळवतात तिच्या, मापाचा आहे. पापणी पॅडवर बसवून पाहताना तिचे टोक माथ्यावरून पलीकडे उतरत असेल, तर एक माप मोठे पॅड घ्यावे. महागड्या लोशनवर खर्च करणाऱ्या अनेक जणी साध्या विंचरणीकडे दुर्लक्ष करतात, याचे मला नेहमी नवल वाटते. वाय-आकाराच्या बारीक विंचरणीने प्रत्येक केस सुटा व सरळ बसवला नाही, तर एकमेकांवर चढलेले केस तसेच वाकडे राहतात. लोशन मायक्रोब्रशने, त्वचेला न लागू देता, मुळाजवळून मध्यापर्यंतच लावावे. ब्रश मात्र प्रत्येकीसाठी नवा हवा, आणि पॅच टेस्ट (त्वचेच्या छोट्या भागावर लोशन लावून ॲलर्जी होते का ते पाहणे) किमान २४ तास आधी करावी.