नाशिकमध्ये ऑटिझम असलेल्या मुलासाठी मानसोपचार कुठे मिळतील?

ताई, तुमचा मुलगा १३ वर्षांचा, दोन महिन्यांपासून झोपत नाही, स्वतःच्या हाताला चावतो. थेरपीवाले म्हणतात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, तिथले म्हणतात ऑटिझममुळेच आहे, थेरपी चालू ठेवा. मी नाशकातच विशेष शिक्षिका आहे आणि या टोलवाटोलवीत पिचलेली घरं मी सतत बघते. फार राग येतो.

ऑटिझम त्याला लहानपणापासून आहे. दोन महिन्यांपूर्वी जे नव्हतं ते आज का आहे, हे कोणीतरी शोधायलाच हवं. आधी दुखणं बघा : दाढ, कान, बद्धकोष्ठता. ज्याला बोलून सांगता येत नाही, तो असं सांगतो. मग चिंता, नैराश्य. या वयात काहींना फिट्सही सुरू होतात. डॉक्टरांना थेट विचारा, "ऑटिझम बाजूला ठेवून हे सगळं तपासलंत का?"

त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला मानसोपचार ओपीडी आहे. गर्दी असते, म्हणून एकाने केसपेपर काढून रांगेत थांबायचं आणि नंबर जवळ आला की मुलाला आत आणायचं. डॉक्टरांसमोर तो शांत बसेल आणि "ठीक तर दिसतोय" ऐकावं लागेल. त्यासाठी चावतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलमध्ये हवाच. शिवाय वहीत लिहा : किती वाजता झोपला, शी झाली का, चावण्याच्या आधी नेमकं काय घडलं. औषध दिलं तर घाबरू नका, पण वजन आणि भूक यांची नोंद ठेवा आणि मनाने बंद करू नका.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ऑनलाइन अर्ज आजच भरा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. कार्ड मिळालं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यासाठी अर्ज करा. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं, ओपीडी आणि थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. आजार आधीपासून आहे म्हणून नाकारत नाहीत.

आता तुमच्याबद्दल. तुम्हीही दोन महिने झोपलेल्या नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. स्वतःसाठी लावा. मुलाच्या बाबांनाही लावायला सांगा, बापमाणसं आपणहून लावत नाहीत.