प्रोग्रामिंगचं नंतर बघू, आधी त्या पॉलिसीचं आणि जामिनाचं बोलू

पत्र थोडक्यात असं आहे. वय ३७, एका कंपनीच्या बिलिंगमध्ये १२ वर्षं, घरात कमावणारे हे एकटेच, बायको घर सांभाळते, मुलं ८ आणि ४ वर्षांची. ९ महिन्यांचा फुल टाइम प्रोग्रामिंगचा कोर्स करायचाय, रोज ६ तास, आठवड्याचे ५ दिवस. त्यासाठी नोकरी सोडायची, फी कर्ज काढून भरायची, कर्ज मंजूरही झालंय. प्रश्न एकच विचारलाय, की एआय स्वतःच कोड लिहितंय तर आता हे शिकण्यात पैसे घालावेत का. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता : "घरखर्चाची काळजी नाही, बँकेत थोडे आहेत, शिवाय एक पॉलिसी आहे ८ वर्षं भरलेली, ती मोडली की वर्ष निघेल. कर्जाला बायको जामीन लागेल, तिला अजून पूर्ण सांगितलं नाहीये, सहीच्या वेळी सांगेन."

मी तुमचा प्रश्न एकदा वाचला आणि शेवटच्या तीन ओळी चार वेळा. त्यामुळे आधी त्यांचंच बोलते.

तुमचे खरे आकडे इथे देत नाही, हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरते, म्हणजे बाकीच्यांनाही आपापले आकडे बसवून बघता येतील. तुम्ही दिलेल्या हिशोबाने घरखर्च ७०, पॉलिसीचा हप्ता १५, उरतात १५. बँकेत २५०. कोर्सची फी १०००, कर्ज १४ टक्क्यांनी ३ वर्षांचं, हप्ता लगेच पुढच्या महिन्यापासून. म्हणजे ईएमआय साधारण ३४, एकूण फेड १२३० च्या आसपास.

आता राजीनामा दिला असं धरा. खर्च ७० अधिक ईएमआय ३४, झाले १०४, पगार शून्य. बँकेतले २५० अडीच महिन्यांत संपले. मग पॉलिसी मोडली, सरेंडर केल्यावर ९०० मिळतील असं तुम्हाला सांगितलंय. २५० आणि ९०० मिळून ११५०, त्यातून ९ महिन्यांचे ९३६ गेले, कोर्स संपेल त्या दिवशी हातात राहिले २१० च्या आसपास. म्हणजे नोकरी शोधायला फक्त २ महिने. डोक्यावर कर्ज तेव्हाही ७९० च्या घरात. आणि पॉलिसी मोडल्यामुळे जीवन विमा गेला, नोकरी सोडल्यामुळे कंपनीकडून मिळणारा आरोग्य विमाही गेला. त्या ९ महिन्यांत तुम्हाला काही झालं तर मागे काय उरतं? दोन मुलं, कमाई नसलेली बायको आणि तिच्या सहीवरचं कर्ज. तुम्ही "वर्ष निघेल" लिहिलंय ना, ते वर्ष हे असं निघतं.

आता पॉलिसी. तुम्हाला विकताना सांगितलं की २० वर्षांत दीडपट, हमीने, वर विमा फुकट. हे ऐकलं की माझा संयम सुटतो खरं सांगायचं तर, कारण हेच वाक्य इतक्या घरांत इतक्या वर्षांत ऐकलंय. दरमहा १५ प्रमाणे २० वर्षांत भरणार ३६००, मिळणार ५४००. दीडपट बरोबर आहे. पण २० वर्षांत विखरून भरलेल्या पैशाचे दीडपट म्हणजे वर्षाला फक्त ४ टक्के. आणि विमा फुकट वगैरे काही नाही, कव्हर, म्हणजे तुम्ही गेलात तर घराला मिळणारी रक्कम, आहे २४००, तुमचा २४ महिन्यांचा पगार. तुम्ही नसाल तर घराला महिन्याला किमान ६० लागतील, वर्षाला ७२०, धाकटं मूल २२ चं होईपर्यंत १८ वर्षं, झाले १३ हजार. २४०० म्हणजे गरजेचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. एवढा मोठा हप्ता ८ वर्षं भरून घर जवळजवळ उघड्यावरच आहे, आणि तुम्ही या पॉलिसीकडे आधार म्हणून बघताय.

मग मोडून टाकू का? इथे बहुतेक जण रागाच्या भरात चुकतात, म्हणून थांबून सांगते. वाईट खरेदी आणि पुढे चालू ठेवणं हे दोन वेगळे हिशोब आहेत. तुम्ही १४४० भरलेत आणि आज मोडली तर ९०० मिळतील, म्हणजे जो तोटा व्हायचा तो पहिल्या वर्षांमध्येच होऊन बसलाय. आजपासून बघायचं तर प्रश्न असा, की ९०० सोडून द्यायचे आणि अजून १२ वर्षं १५-१५ भरायचे, त्याचे ५४०० मिळणार, तर पुढचा दर काय पडतो? साधारण ७ टक्के. म्हणजे सुरुवातीपासून ४ ची असलेली पॉलिसी आज तुमच्यासाठी ७ ची आहे. फक्त एक करा, पॉलिसीचा मूळ कागद काढून त्यात हमी किती रकमेची लिहिलीय आणि अपेक्षित बोनस म्हणून किती दाखवलंय ते वेगळं करा. हमी ४५०० चीच निघाली तर दर ५ वर येतो, मग पेड-अप करण्याचा विचार करता येईल, म्हणजे हप्ते थांबवायचे आणि कमी झालेली रक्कम मुदतीला घ्यायची. पण हे सगळं शांतपणे. किराणा भरायला पॉलिसी मोडायची नाही. आणि यापुढे तिला विमा म्हणू नका, सक्तीची बचत म्हणा.

विमा वेगळा घ्यायचा, साधा टर्म, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, १३ हजारांच्या आसपासचा. तुम्ही तब्येत ठणठणीत लिहिलीय, सिगारेट नाही, तर महिन्याला २-३ मध्ये बसायला हवा, दोन-तीन ठिकाणचे आकडे मागवून बघा. आणि हा राजीनाम्याच्या आधी घ्यायचा, नंतर नाही! एवढं मोठं कव्हर देताना विमा कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात, बेकार विद्यार्थ्याला ते मिळणं अवघड. कुटुंबाचा स्वतःचा आरोग्य विमापण घ्या, नोकरीशी न जोडलेला. तो किती पडेल हे तुम्ही कुठे राहता आणि तिथे सरकारी सोय काय आहे त्यावर आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. शिकावं का? हो, शिका. पण शिकणं आणि नोकरी सोडणं हे दोन निर्णय आहेत आणि कोर्सवाल्यांनी तुम्हाला ते एकाच पाकिटात विकलेत.

कोर्सची खरी किंमत १००० नाहीच. फेड १२३०, बुडालेला ९ महिन्यांचा पगार ९००, नोकरी शोधण्यात ६ महिने गेले तर आणखी ६००, झाले २७००. सव्वादोन वर्षांचा पगार! तुम्हाला कोर्सनंतर दुप्पट पगार अपेक्षित आहे, तसा मिळाला तर २७ महिन्यांत वसूल. पण ३७ व्या वर्षी अनुभव शून्य धरून ज्युनियर म्हणून घेतलं आणि १३० मिळाले तर वरचे ३० धरून वसुलीला साडेसात वर्षं. १०० च मिळाले तर कधीच नाही.

आणि ज्युनियरचीच जागा सध्या सगळ्यात अरुंद झालीय. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, त्यानंतरचे अमेरिकेतले पगारपत्रकांचे आकडे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये तपासले, तर २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या नोकऱ्या २०२२ च्या शिखरापासून जवळपास २० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या, अनुभवी लोकांचं तसं झालेलं नाही. दुसरीकडे, त्याच वर्षी मीटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपरांवर प्रयोग केला, एआय वापरून त्यांना काम करायला १९ टक्के वेळ जास्त लागला आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण २० टक्के जास्त वेगाने केलं. प्रयोग छोटा आहे आणि टूल्स रोज बदलतायत, त्यामुळे त्यावर सगळं ठरवू नका. पण दोन्ही एकत्र वाचलं तर मला एवढं दिसतं की नुसता कोड लिहून देणाऱ्याची किंमत घसरतेय आणि लिहिलेलं बरोबर आहे का हे ओळखणाऱ्याची टिकून आहे. मी स्वतः मागे एआयकडून कर्जाचा तक्ता लिहून घेतला, सगळं सुबक, फक्त त्याने हप्ता महिन्याच्या सुरुवातीला धरला होता. कर्जाची गणितं रोज करते म्हणून दिसलं, नाहीतर तसाच कोणालातरी पाठवला असता.

तुमच्याकडे तसलंच काहीतरी आहे, १२ वर्षांचं बिलिंग. कुठलं बिल का अडकतं, क्रेडिट नोट कुठे चुकते, महिनाअखेरीला ताळमेळ का बसत नाही, हे २३ वर्षांच्या हुशार प्रोग्रामरला माहीत नसतं आणि एआयलाही तुमच्या ऑफिसच्या फायली माहीत नसतात. ते सोडून तुम्ही त्या २३ वर्षांच्या मुलाच्या रांगेत शेवटी उभं राहायला निघालात, आणि त्यासाठी पैसे देताय.

कोर्सवाल्यांच्या "नोकरी लागतेच" या बोलण्याबद्दल एकच सांगते. अमेरिकेत ब्लूमटेक नावाच्या कोडिंग शाळेवर तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली, जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के मुलांना नोकरी लागते असं होतं, आतले आकडे ५० च्या आसपास आणि काही वेळा ३० पर्यंत खाली. तुमच्या कोर्सने सवलत शुक्रवारपर्यंतच आहे म्हणून दोनदा फोन केलाय. त्यांच्याकडे मागच्या बॅचचे आकडे लेखी मागा, किती जण आले, किती जणांनी पूर्ण केला, ६ महिन्यांत किती जणांना कुठल्या पदावर नोकरी लागली. लेखी देत नसतील तर तेच उत्तर.

शिकायला पैसे लागतच नाहीत जवळजवळ. हार्वर्डचा सीएस५० हा सुरुवातीचा कोर्स ऑनलाइन फुकट आहे, फ्रीकोडकॅम्प ही शिकवणारी साइट फुकट आहे, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट आहे. तुमचा कोर्स ९ महिन्यांत साधारण ११७० तासांचा. नोकरी ठेवून आठवड्याला १० तास दिलेत तर दोन वर्षांत १००० तास होतात, जवळपास तेवढेच. आणि योगायोग बघा, टर्मचा हप्ता वजा जाता महिन्याला १२ उरतील, ६ महिन्यांच्या खर्चाएवढी (घरखर्च ७० अधिक पॉलिसीचे १५) गंगाजळी म्हणजे ५१० व्हायला तुम्हाला २६० कमी आहेत, त्यालाही दोन वर्षांच्या आत-बाहेरच लागतात (आरोग्य विम्याचा हप्ता यातूनच गेला तर थोडं लांबेल). दोन्ही एकत्र चालू दे.

सुरुवात ऑफिसच्याच कामापासून करा. महिनाअखेरीचा जो ताळमेळ हाताने तीन दिवस लावता, त्याची स्क्रिप्ट, म्हणजे तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहा, डेटा बाहेर न नेता, साहेबांना विचारून. एआयची मदत घ्या पण प्रत्येक ओळ काय करते ते समजेपर्यंत पुढे जाऊ नका. ६ महिन्यांनी ती चालत असेल आणि तुम्हाला मजा येत असेल तर मग बढती, बदली, दुसरी कंपनी, यातलं काहीही बोलता येईल. कंटाळा आला तर काही शे तास गेले, १००० चं कर्ज नाही गेलं.

कर्जाची रक्कम तुम्ही अजून उचललेली नाही, राजीनामाही दिलेला नाही, म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. कर्ज रद्द करायला काही शुल्क लागत असेल तर भरून टाका.

राहिल्या वहिनी. "सहीच्या वेळी सांगेन" हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. जामीन म्हणजे तुम्ही थकलात तर बँक त्यांच्याकडे येणार, आणि त्यांना हे काउंटरवर पेन हातात घेतल्यावर कळणार? आज रात्री मुलं झोपली की कागद घेऊन दोघं बसा, ७०, १५, ३४ हे आकडे त्यांच्यासमोर मांडा, पॉलिसीचा कागदही त्यांनाच वाचायला द्या. घर ७० मध्ये त्या चालवतात, त्यांना यातलं कदाचित तुमच्यापेक्षा लवकर कळेल. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा, टर्मचे आकडे आले की तेही पाठवा, कुठला घ्यायचा ते बघू.