वाचकांचे प्रश्न : वाद्यवृंदात लॅपटॉप

प्रश्न : आमच्या संगीतवर्गात बारा व्हायोलिन, दोन बासऱ्या, पेटी आणि तबला असा छोटा वाद्यवृंद आहे. देवळाच्या अंगणातल्या कार्यक्रमात यंदा इलेक्ट्रॉनिक ध्वनी मिसळावेत, असा मुलांचा आग्रह आहे. गेल्या वर्षी आधी तयार केलेला ट्रॅक लावून पाहिला, पण दुसऱ्या मिनिटाला ट्रॅक एकीकडे आणि वादक दुसरीकडे गेले. सिंफनी वाद्यवृंद हे कसे जमवतात?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आपल्या मुलांचे काही चुकले नाही, हे आधी सांगतो. वादकांची लय ट्रॅकपेक्षा केवळ एका टक्क्याने चढली, तरी दोन मिनिटांत सव्वा सेकंदाचे अंतर पडते आणि मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत ते दोन मात्रांएवढे होते. माणूस चुकला तर दुसरा माणूस त्याला सांभाळून घेतो, ट्रॅक तसे करत नाही. या विषयातल्या बहुतेक अडचणींचे मूळ एवढेच आहे, आणि पाश्चात्त्य रचनाकारांनी गेल्या शंभर वर्षांत त्यावर वेगवेगळे तोडगे काढले आहेत.

ओटोरिनो रेस्पिगी यांनी १९२४ साली रोमच्या पाइन वृक्षांवरील आपल्या रचनेत एका पक्ष्याच्या गाण्याची ग्रामोफोन तबकडी वाजवायला सांगितली. पक्ष्याला ताल पाळायचा नसल्याने तिथे भांडण उद्भवलेच नाही. एदगार व्हारेझ यांच्या, १९५४ साली पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेल्या ‘देझेर’मध्ये फुंकवाद्ये, पियानो व तालवाद्ये थांबली की ध्वनिफीत सुरू होते आणि ध्वनिफीत थांबली की वादक सुरू होतात, म्हणजे एकत्र वाजण्याचा प्रसंगच त्यांनी टाळला. पुढे पिएर बुलेझ यांच्या ‘रेपाँ’मध्ये (१९८१) श्रोत्यांभोवती बसलेल्या सहा एकल वादकांचे सूर त्याच क्षणी संगणकातून जाऊन बदललेल्या रूपात सभागृहात फिरू लागले. यंत्र वादकाच्या मागून चालण्याचे हे ठळक उदाहरण होते, मात्र त्याच्यामागे पॅरिसमधल्या एका मोठ्या संशोधनसंस्थेचे बळ होते.

मला आपल्यासाठी जवळचा वाटतो तो ओलिव्हिए मेसियाँ यांचा मार्ग. त्यांच्या भव्य सिंफनीचे नाव ‘तुरंगलीला’ आहे आणि ते मराठी वाचकाला ओळखीचे वाटले तर नवल नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात जे १२० देशी ताल नोंदवले, त्यांच्या यादीतून मेसियाँ यांनी ते उचलले. १९४९ साली बॉस्टनमध्ये प्रथम वाजलेल्या या रचनेत १९२८ साली पुढे आलेले ‘ओंद मार्तनो’ हे विजेवर चालणारे वाद्य आहे. त्याच्या वादकाच्या उजव्या हाताकडे स्वर असतो, तर डाव्या हाताने दाबायच्या एका कळीवर आवाजाचा चढउतार, व्हायोलिनच्या गजासारखा. या वाद्याचे स्पीकरही वादकाच्या शेजारीच असतात. त्यांपैकी एका प्रकाराला चक्क सारंगीच्या तरफांसारख्या अनुनादी तारा जोडलेल्या असतात. ते वाद्य वाद्यवृंदात मिसळते ते यामुळेच : ते एका माणसाच्या हातात असते, तो माणूस संचालकाकडे पाहत असतो आणि आवाज तो बसला आहे त्याच दिशेने येतो.

आपणही तसेच करावे. अखंड ट्रॅक मोडून त्याचे दहा-पंधरा छोटे तुकडे करा, प्रत्येक तुकडा कीबोर्डच्या एकेका पट्टीवर बसवा आणि ती पट्टी योग्य क्षणी दाबण्यासाठी एक विद्यार्थी व्हायोलिनांच्या मध्ये बसवा. दशावतारात पखवाजवाला नटाच्या पावलांवर नजर ठेवून असतो, तशीच त्याची नजर असावी. ठेका तबल्याकडेच राहू द्या. यंत्राकडे लांब, ठेक्याविना चालणारे ध्वनी द्या, म्हणजे अर्ध्या मात्रेची चूक कोणाला कळणारही नाही. संचालकाच्या कानात टिकटिक सोडून सर्वांना ट्रॅकमागे चालवण्याची पद्धतही रूढ आहे, परंतु तीत वादकाला एखाद्या स्वरावर रेंगाळता येत नाही. मला ती शिकाऊ मुलांसाठी पसंत नाही.

लॅपटॉपवरून थेट वाजवणार असाल, तर प्रोग्रॅममधला ‘बफर’, म्हणजे आवाज बाहेर सोडण्यापूर्वी संगणक त्याचा जेवढा भाग साठवून ठेवतो तो, कमी ठेवा. संगणक आवाजाचे बारीक तुकडे, म्हणजे नमुने, करून तो हाताळतो; सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगावर १,०२४ नमुन्यांचा बफर एकट्यानेच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर करतो, तर २५६ नमुन्यांचा जेमतेम सहा. पहिला वादकाच्या बोटांना जाणवतो.

प्रश्न : उघड्या अंगणात यंत्राचे सूर वाद्यांपासून सुटे ऐकू येतात आणि पेटीशी जुळतही नाहीत. काय करावे?
– एक वाचक, देवगड

उत्तर : मंडपवाल्याचे मोठे स्पीकर अंगणाच्या दोन्ही टोकांना असतात आणि व्हायोलिन मध्यभागी. कानाला दिशा कळते, त्यामुळे मिश्रण फाटते. यंत्राचा आवाज एका छोट्या स्पीकरमधून वादकांच्या रांगेतूनच येऊ द्या आणि मोठ्या स्पीकरवर सर्वांनाच सारखे थोडेथोडे वाढवा. तीस मीटर दूर बसलेल्या श्रोत्यापर्यंत आवाज पोहोचायला सुमारे ९० मिलिसेकंद लागतात, पण सगळे ध्वनी एकाच जागेवरून निघाले तर ते एकत्रच पोहोचतात.

सुरांबाबत पेटीला प्रमाण माना. जुन्या पेटीच्या पट्ट्या सेकंदाला ४४० कंपनांच्या प्रचलित मापाला तंतोतंत असतीलच असे नाही, आणि सिंथेसायझरचा सूर अगदी बारीक प्रमाणात वरखाली करता येतो; तेव्हा झुकायचे ते यंत्राने. बासरी उकाड्यात चढते, म्हणून ती कार्यक्रमाच्या वेळी, कार्यक्रमाच्या जागीच जुळवावी.

प्रश्न : यामुळे शास्त्रीय संगीताचा ‘ऑर्केस्ट्रा’ होणार नाही का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की ऑक्टोपॅड आणि चित्रपटगीतेच आठवतात, त्यामुळे भीती समजण्यासारखी आहे. मात्र १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली होती ती पेटीवर, आणि आज आपण पेटीलाच प्रमाण मानत आहोत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा तर कित्येक मैफलींत गायकाच्या शेजारी असतो आणि त्यावर कोणी पत्र लिहीत नाही.

प्रश्न : मध्येच वीज गेली तर?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : लॅपटॉपची बॅटरी चालू राहते, पण स्पीकर आणि ध्वनिमिश्रक बंद पडतात. वादकांमधल्या छोट्या स्पीकरसाठी यूपीएस घ्या आणि जनरेटर रंगमंचापासून दूर, शक्यतो देवळाच्या मागे ठेवा. खाऱ्या हवेने वायरींच्या टोकांना हिरवा गंज चढतो. ती आदल्या दिवशी पुसून तपासावीत. यंत्र गप्प झाल्यावर त्याचे स्वर कोणत्या व्हायोलिनांनी उचलायचे हे लिहून ठेवा, आणि शेवटच्या तालमीत मुलांना न सांगता एकदा मुख्य बटण बंद करून पाहा.